आधी वेगळे करावे, मग नावे ठेवावीत

रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग. हेच आडनाव घेऊन जन्मलेल्या माणसाने रंग वेगळे करण्याची रीत शोधून काढावी, हा योगायोगच म्हणायचा. मिखाईल त्स्वेत हे नाव रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते, कारण क्रोमॅटोग्राफीचा धडा त्याच्यापासूनच सुरू होतो. बाकीच्यांचा त्याच्याशी संबंध येतो तो नकळत. दुधात कीटकनाशकाचा अंश सापडला, निर्यातीची द्राक्षे परत आली, खेळाडूच्या लघवीत बंदी असलेले औषध निघाले, अशा बातम्या आपण वाचतो. त्या बहुतेक बातम्यांच्या मुळाशी त्स्वेतची एक साधी काचेची नळी आहे. पण तिचे मोल कळायला जगाला इतका उशीर लागला की तोवर तो हयातच नव्हता.

त्याचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील अस्ती या गावी झाला. वडील रशियन सरकारी अधिकारी, आई इटालियन. बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. मूल स्वित्झर्लंडमध्ये वाढले. जिनिव्हा विद्यापीठात त्याने वनस्पतिशास्त्र शिकले आणि १८९६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर तो वडिलांच्या देशात, रशियात गेला. तिथे त्याला सांगण्यात आले की परदेशी पदवी इथे चालणार नाही. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन येणाऱ्या मुलांची इथली परीक्षा देताना होणारी दमछाक आम्ही सरकारी रुग्णालयातले डॉक्टर नेहमी पाहतो. त्स्वेतलाही तेच भोगावे लागले. डॉक्टरेट हातात असताना त्याने पुन्हा अभ्यास केला आणि १९०१ मध्ये कझान विद्यापीठाची खालची पदवी घेतली. १९०२ मध्ये त्याला वॉर्सॉ विद्यापीठात सहायकाची जागा मिळाली. वॉर्सॉ तेव्हा रशियन साम्राज्यात होते.

पानातले कोडे

त्स्वेतचा विषय होता पानांचा हिरवा रंग. पानात हिरव्याबरोबर पिवळी आणि नारिंगी रंगद्रव्येही असतात. ती एकमेकांपासून सोडवायची कशी, यावर युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांची रीत साधारण अशी : पाने तीव्र द्रावणात उकळायची, आम्ल किंवा अल्कली घालायचे आणि जे खाली बसेल ते तपासायचे. या मारहाणीत मूळ पदार्थ तसाच राहतो की बदलतो, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हते.

त्स्वेतला एक विसंगती खटकली. पानातले रंगद्रव्य एकदा वेगळे केले की पेट्रोलियम ईथरमध्ये सहज विरघळते. पण पान कुटून त्याच ईथरमध्ये टाकले तर ते सुटत नाही. त्यात थोडे अल्कोहोल घातले की लगेच सुटते. याचा अर्थ काय? द्रव्य न विरघळणारे नाही, पानाच्या पेशीतल्या घन भागाने ते धरून ठेवले आहे, असा तर्क त्याने केला. मग तो तर्क त्याने पडताळून पाहिला. रंगद्रव्यांचे द्रावण गाळणीच्या कागदात मुरवले आणि वाळवले. त्या कागदातूनही रंग ईथरने सुटेनात, अल्कोहोल घालताच सुटले. कागद पानासारखाच वागला. प्रत्येक द्रव्याला धरून ठेवणारी ताकद कमीजास्त असेल, तर त्याच ताकदीच्या फरकाने ती वेगळीही करता येतील, ही कल्पना इथून आली.

त्यानंतर त्याने शंभरावर निरनिराळ्या भुकट्या तपासल्या. २१ मार्च १९०३ रोजी वॉर्सॉच्या निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेत या रीतीबद्दल तो पहिल्यांदा बोलला. पुढे १९०६ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकात त्याने दोन लेख लिहिले आणि रीतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ रंगांचे लेखन. त्याने गुपचूप स्वतःचे आडनावही त्यात घातले, असे काही जण गमतीने म्हणतात.

रीत अशी होती. काचेची अरुंद नळी घ्यायची. तिच्यात खडूची कोरडी बारीक भुकटी ठासून भरायची. वरून पानांचा अर्क ओतायचा आणि मागोमाग शुद्ध द्रावक सोडत राहायचे. वरून एकच हिरवा रंग ओतलेला असतो, पण खाली सरकताना त्याचे पट्टे पडू लागतात. नारिंगी कॅरोटीन सर्वांत पुढे पळते. मागे हिरव्याचे दोन वेगळे पट्टे आणि पिवळ्याच्या अनेक छटा राहतात. उकळणे नाही, आम्ल नाही, झटापट नाही.

हे कसे घडते ते समजायला सीताबर्डीचा रस्ता पुरे. पाच जणांचे कुटुंब एका टोकाहून एकत्र निघाले. एकाला काहीच घ्यायचे नाही, तो सरळ चालत सुटतो. दुसरी प्रत्येक दुकानाशी थांबते. तिसऱ्याला फक्त चपला बघायच्या आहेत. दुसऱ्या टोकाला पाचही जण वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. गर्दीचा रेटा म्हणजे द्रावक, दुकाने म्हणजे खडूची भुकटी. रस्ता जेवढा लांब आणि दुकाने जेवढी जास्त, तेवढे अंतर वाढत जाते.

मोठ्यांची नापसंती

त्या काळी वनस्पतींच्या रंगद्रव्यांतला सर्वांत मोठा अधिकारी होता जर्मनीचा रिचर्ड विल्श्टेटर. त्याला १९१५ मध्ये याच विषयासाठी नोबेल मिळाले. नळीतून जाताना रंगद्रव्येच बदलत असावीत, अशी शंका त्याच्या गटाने घेतली. शिवाय नळीतून हाती लागणारा पदार्थ अगदी थोडा. रसायनशास्त्रज्ञांना तो ग्रॅमने हवा असे. पोलंडचा मार्शलेव्स्की तर त्स्वेतवर सतत टीका करत राहिला. वनस्पतिशास्त्रातल्या माणसाने रसायनशास्त्रात लुडबूड करावी, हेच अनेकांना पटत नव्हते.

त्स्वेत लिहीत राहिला, उत्तरे देत राहिला. १९०७ मध्ये त्याने बर्लिनच्या सभेत रंगीत पट्ट्यांच्या नळ्याच नेऊन दाखवल्या. १९१० मध्ये वनस्पती व प्राण्यांतील रंगद्रव्यांवर त्याचे रशियन भाषेतले पुस्तक निघाले. त्यावर त्याला रशियातली डॉक्टरेट मिळाली. पण पुस्तक रशियनमध्ये आणि विज्ञानाचा दरबार जर्मनमध्ये, त्यामुळे ते फारसे कुणी वाचले नाही. पोट भरण्यासाठी त्याने पशुवैद्यकीय संस्थेत आणि मग वॉर्सॉच्या तांत्रिक महाविद्यालयात शिकवले.

पुढे पहिले महायुद्ध आले. १९१५ मध्ये जर्मन सैन्य वॉर्सॉत शिरले. त्स्वेतचे घर, पुस्तके, सामान तिथेच राहिले. महाविद्यालय आधी मॉस्कोला, मग निझ्नी नोवगोरोदला हलले. १९१७ मध्ये त्याला युर्येव, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथे प्राध्यापकपद मिळाले. आयुष्यात पहिल्यांदाच मनासारखी जागा मिळाली होती. काही महिन्यांत तेही शहर जर्मनांच्या ताब्यात गेले आणि विद्यापीठ व्होरोनेझला हलवण्यात आले. तोवर त्याची प्रकृती पार ढासळली होती. २६ जून १९१९ रोजी व्होरोनेझमध्ये तो वारला. वय अवघे ४७.

१९१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी हॉलंडमधील एका प्राध्यापकाने त्याचे नाव सुचवले होते. त्या वर्षाचे पारितोषिक गेले जर्मनीच्या फ्रिट्झ हाबरला, हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवल्याबद्दल. युद्धात क्लोरीन वायूचा शस्त्र म्हणून वापर करण्यामागेही हाच हाबर होता. पुढच्या काही दशकांत कारखान्यांतून निघालेली क्लोरीनयुक्त रसायने शेतात, घरात आणि माणसाच्या चरबीत जाऊन बसणार होती. त्यांचा माग काढायला त्स्वेतचीच रीत लागणार होती.

रंग नसलेल्या पदार्थांची पाळी

त्स्वेतच्या मृत्यूनंतर १२ वर्षांनी, १९३१ मध्ये, हायडेलबर्गला रिचर्ड कून आणि एडगर लेडरर यांनी त्याची नळी पुन्हा काढली. गाजर आणि अंड्यातील बलक यांतली रंगद्रव्ये त्यांनी वेगळी केली. विशेष म्हणजे त्स्वेतच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर त्यांना मिळाले ते विल्श्टेटरकडूनच. १९४१ मध्ये इंग्लंडमधील आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज या लोकरीवर काम करणाऱ्या दोघांनी रीतीत मोठी सुधारणा केली. द्रावकाऐवजी वायू वापरला तरी चालेल, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. १९५२ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी मार्टिनने जेम्स या सहकाऱ्याबरोबर गॅस क्रोमॅटोग्राफी प्रत्यक्षात आणली.

यात नळी लांब आणि बारीक असते. आजच्या यंत्रात ती केसासारखी अरुंद आणि तीस-साठ मीटर लांब असते. वेटोळे करून ती भट्टीत ठेवतात. नमुन्याची वाफ हेलियम किंवा नायट्रोजनच्या झोताबरोबर तिच्यातून जाते. आतल्या लेपाशी जो पदार्थ जास्त रेंगाळतो तो उशिरा बाहेर पडतो. दुसऱ्या टोकाला बसलेले यंत्र कागदावर एकेक शिखर काढते. कुठले शिखर किती मिनिटाला आले, यावरून पदार्थाची ओळख. शिखर किती मोठे, यावरून त्याचे प्रमाण. रंगाची गरज उरली नाही.

१९५७ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर नावाचा शोधक जाहीर केला. त्यात किरणोत्सारी पदार्थामुळे मुक्त इलेक्ट्रॉनचा बारीक प्रवाह वाहत असतो. क्लोरीन, ब्रोमीन यांसारखे हॅलोजन असलेला रेणू आला की तो इलेक्ट्रॉन पकडतो आणि प्रवाह घटतो. साध्या तेला-चरबीकडे हा शोधक ढुंकूनही पाहत नाही, पण क्लोरीनवाल्या रेणूचा ग्रॅमच्या अब्जांशाहून लहान अंशही त्याच्या लक्षात येतो.

हे यंत्र वेळेवर आले. डीडीटीचा कीटकनाशक गुण १९३९ मध्ये समजला आणि तो शोधणाऱ्या पाउल म्युलर यांना १९४८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि सुमारे आठ लाख मरत असत. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास आली. डीडीटीला नुसते विष म्हणून मोकळे होता येत नाही, ते यामुळे. पण त्याच्या रेणूतला क्लोरीन सहज सुटत नाही. पाण्यात तो विरघळत नाही, चरबीत मुरतो. गवतातून गाईत, गाईतून दुधात, दुधातून आपल्यात येतो आणि वर्षानुवर्षे मुक्काम करतो.

शिखराखाली दडलेले शिखर

वेगळे करणे किती महत्त्वाचे, याचा धडा स्वीडनमध्ये मिळाला. सोरेन येन्सेन हा रसायनशास्त्रज्ञ १९६४ पासून प्राण्यांमधील डीडीटी मोजत होता. आलेखावर त्याला डीडीटीच्या आसपास कितीतरी अनोळखी शिखरे दिसली. संग्रहालयात जपलेली गरुडाची जुनी पिसे त्याने तपासली. डीडीटी वापरात येण्याआधीच्या पिसांतही ती शिखरे होती, म्हणजे हा पदार्थ डीडीटी असूच शकत नव्हता. १९६६ मध्ये उत्तर मिळाले : पीसीबी. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात १९२९ पासून वापरले जाणारे हे रसायन कुणी शेतात फवारले नव्हते, तरी ते गरुडात पोहोचले होते. येन्सेनला ते स्वतःच्या कुटुंबीयांच्या केसांतही सापडले. नळी नीट वेगळे करत नव्हती तेव्हा पीसीबीचा काही भाग डीडीटीच्या खात्यावर पडत होता. एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या माथी.

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, पश्चिम जपानमध्ये शेकडो लोकांच्या अंगावर काळपट मुरुमांसारखे फोड आले, डोळ्यांतून स्राव वाहू लागला, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. तांदळाच्या कोंड्याच्या तेलात कारखान्यातील पीसीबी मिसळले होते. सुरुवातीला दोष पीसीबीला दिला गेला. पुढे बारकाईने वेगळे केल्यावर कळले की मोठा वाटा होता डायबेन्झोफ्युरान या दुसऱ्याच गटाचा. पीसीबी तापल्यामुळे ती द्रव्ये तयार झाली होती. तेलात त्यांचे प्रमाण पीसीबीपेक्षा कितीतरी कमी होते आणि विषारीपणा कितीतरी जास्त.

पीसीबी हे एक रसायन नव्हे, ती २०९ भावंडे आहेत. डायॉक्सिन आणि फ्युरान मिळून २१० आहेत, त्यांपैकी जास्त विषारी १७. चार क्लोरीन असलेल्या डायॉक्सिनचेच २२ प्रकार आहेत. सर्वांचे वजन तंतोतंत सारखे, पण खरा घातक त्यातला एक. वजन करणारे महागडे यंत्रही इथे एकटे फसते. त्यांना वेगळे करते ती नळीच, कारण क्लोरीनची जागा बदलली की रेंगाळण्याची वेळ थोडी बदलते.

आपल्याकडचे उदाहरण विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्यांना आठवेल : बीएचसी, अर्थात गॅमेक्सिन पावडर. तिच्यातही एकाच रेणूची अनेक रूपे असतात. किडे मारणारे गॅमा रूप त्यात जेमतेम १० ते १५ टक्के. खरूज आणि उवांसाठी डॉक्टर लिहून देत असत ते लोशन याच गॅमा रूपाचे. उरलेला मोठा भाग काही कामाचा नव्हता, मात्र तोही शेतात पडत होता. त्यातले बीटा रूप शरीरात सर्वांत जास्त टिकते. भारतात ही मिश्र पावडर १९९७ मध्ये बंद झाली. आज एखाद्याच्या रक्तात बीटा जास्त आणि गॅमा कमी दिसले, तर तो बहुधा जुना साठा आहे, हे आलेखावरून ओळखता येते. डीडीटीचेही तसेच. शरीरात त्याचे डीडीई होते. डीडीई जास्त असेल तर संपर्क जुना, मूळ डीडीटी जास्त असेल तर ताजा.

लकडगंजापासून नीरीपर्यंत

२००१ मध्ये स्टॉकहोम येथे अशा चिवट रसायनांवर आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने तो २००६ मध्ये मान्य केला. डीडीटी, पीसीबी, डायॉक्सिन ही त्यातली पहिल्या यादीतली नावे. हिवतापासारखे रोग पसरवणाऱ्या कीटकांविरुद्ध डीडीटी वापरण्याची मुभा करारात ठेवली गेली. या कराराचे एक प्रादेशिक केंद्र आपल्या नागपुरात आहे, नेहरू मार्गावरील नीरीत. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झालेली नीरी आज या विषयातले देशातले महत्त्वाचे ठिकाण आहे.

आमच्या लकडगंजाचाही या यादीशी संबंध लागतो. लाकडाला वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून जगभर पेंटाक्लोरोफेनॉल वापरले जाई. २०१५ मध्ये तेही करारात आले. टालीवरच्या साध्या सागाला घाबरण्याचे कारण नाही. पण रंग, पॉलिश किंवा औषध लावलेले जुने लाकूड, प्लायवूडचे तुकडे आणि प्लास्टिक चिकटलेली पाटी चुलीत, बंबात किंवा हिवाळ्याच्या शेकोटीत घालू नये. तांबे काढण्यासाठी विजेच्या वायरी जाळणे तर त्याहून वाईट. वायरीवरच्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतो आणि अर्धवट जळताना त्यातून डायॉक्सिन तयार होते. ते कुठल्या कारखान्यातून येत नाही, आपल्याच अंगणात तयार होते आणि शेजारची लेकरे ते श्वासातून घेतात.

बाह्यरुग्ण विभागात दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला : रक्तातली ही रसायने तपासून घ्यावीत का? सर्वसामान्य माणसाला गरज नाही. ही तपासणी वेळखाऊ आणि महाग असते, ती मोजक्या प्रयोगशाळांत होते आणि ती संशोधनासाठी किंवा दूषित जागी काम करणाऱ्यांसाठी उपयोगी पडते. शिवाय ही द्रव्ये झटपट बाहेर काढणारे कुठलेही औषध नाही. शरीर शुद्ध करून देतो म्हणणाऱ्यांच्या पुड्या, काढे आणि पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत.

दुसरा प्रश्न बाळंतिणींचा, आणि तो विचारताना त्यांचा आवाज खाली जातो. आईच्या दुधातही कीटकनाशक असते म्हणे, मग पाजू की नको? पाजावे, निःशंक पाजावे. आईच्या दुधात असे सूक्ष्म अंश सापडतात हे खरे आहे. पण त्या दुधाने बाळाला मिळणारे संरक्षण त्या अंशांच्या धोक्यापेक्षा खूप मोठे आहे, हाच जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे. जुनी रसायने बंद केल्यावर देशोदेशी आईच्या दुधातले त्यांचे प्रमाण उतरत गेले. ते उतरले हे कळले, ते वेगळे करून मोजता आले म्हणूनच.

केमिकल आहे, विषारी आहे, असे कुणी म्हणाले की आपण घाबरतो किंवा हसण्यावारी नेतो. दोन्हीचा उपयोग नाही. कुठले केमिकल, त्यातले कुठले रूप, किती आणि किती जुने, असे चार प्रश्न विचारावेत. व्होरोनेझमध्ये मेलेल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञामुळे आज या चारही प्रश्नांना उत्तर मिळू शकते.